साडेतीन फुटांच्या खाली

एकतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. ‘पाण्याचा वेग मंदावला की गाळ खाली बसतो, आणि जागा जितकी खोल तितका तो जास्त साचतो,’ हे वाक्य फळ्यावर लिहून लिहून माझे कैक खडू झिजले. आणि दोन हजार तेराच्या एप्रिलमध्ये, आमच्या कोरड्याठाक तलावात उभं राहून, पाणीवापर सहकारी संस्थेचा सचिव म्हणून मीच ठरावात लिहिलं, ‘तलावात सर्वत्र साडेतीन फूट गाळ आहे.’ परीक्षेत कुणी असं उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला भोपळा दिला असता.

अर्थात या गाढवपणात मी एकटा नव्हतो. हा तलाव बाहत्तरच्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर बांधला गेला आणि त्र्याहत्तरच्या पावसात पहिल्यांदा भरला. पाणी सोडायच्या मोरीजवळ पाण्याची उंची मोजायचा एक दगडी खांब आहे. त्याचा खालचा साडेतीन फूट भाग गाळात गेला होता. सगळ्या सभासदांनी तो पाहिला आणि माना डोलावल्या. शिवाय तलावाच्या आधीचा ओढा आमच्या पिढीने डोळ्यांनी बघितलेला. आमच्या बैलगाड्या त्यातूनच पलीकडे जायच्या, आणि पाणी कधी बैलाच्या गुडघ्यावर आलं नाही. एवढ्याशा ओढ्यात गाळ साचून साचून साचणार किती? झालं, आमचं संशोधन तिथंच संपलं.

त्या साली गावात टँकरने पाणी येत होतं. बीडच्या एका मंडळाने गाळ काढायला जेसीबी फुकट दिला होता, डिझेल मात्र ज्याचं त्याने घालायचं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तळ उघडा पडला होता. तलावातला गाळ रानात पडला की दोन-चार वर्षं खताकडे बघावं लागत नाही, त्यामुळे दुष्काळाचं दुःख विसरून आमचे लोक नवरदेवासारखे खुलले होते.

संस्थेचे सभासद म्हणजे ज्यांची जमीन तलावाच्या खाली आहे ते, कारण पाणी त्यांना मिळतं. तलावाच्या वर, धारूरच्या डोंगराकडच्या उतारावर मेंढपाळांची वस्ती आहे. त्यांना पाणी मिळत नाही म्हणून ते सभासद नाहीत, आणि सभासद नाहीत म्हणून त्यांना गाळ नाही. नियम एकदम सरळ होता. तलावात येणारी माती त्यांच्याच रानातून वाहून येते, एवढं सोडून बाकी सगळं त्या नियमात होतं.

ठरावाच्या दिवशी वरच्या वस्तीवरून कडूबाई आली. साठीच्या घरातली, काटक बाई. तिची दोन एकर जमीन त्या उतारावर होती. जमीन म्हणायची एवढंच, वर नुसता मुरूम. तीस-बत्तीस वर्षं ती दिवाळीनंतर ऊस तोडायला जात होती. यंदा तिने मुकादमाला सांगून टाकलं होतं की आता मोळी उचलत नाही, कंबर गेली. रानावर माती पडली तर ज्वारी पेरून घरी राहायचं, नाहीतर मोडक्या कमरेने पुन्हा फडात जायचं, एवढाच तिच्यापुढचा प्रश्न होता. तिने तो आमच्यापुढे ठेवला.

“चेअरमन सायेब, मला बी थोडी माती द्या. माझ्या रानात नांगर नुसता खरखर वाजतोय.”

आमचे चेअरमन मोहनराव. माणूस वाईट नाही, पण चार माणसं समोर बसली की त्यांच्या जिभेला हाड राहत नाही. ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “वरचे साडेतीन फूट सभासदांचे. त्याच्या खाली जेवढं निघंल तेवढं समदं तुझं, कडूबाई! ल्ह्या हो गुरुजी!”

सगळे खदाखदा हसले. मीही हसलो, लपवत नाही. आणि गंमत म्हणून लिहिलंही. साडेतीन फुटांच्या खाली मुरूमच असणार, तेव्हा लिहायला काय जातं?

कडूबाई मात्र हसली नाही. “कुटं बी?” तिने विचारलं. “समद्या तळ्यात कुटं बी?”

“कुटं बी!” मोहनराव म्हणाले.

“मंग ठरावात ल्ह्या, गुरुजी, कुटं बी. आन् मला वाचून दावा.”

मी मोठ्याने वाचून दाखवलं. सह्या झाल्या. तिने तोंडाला पदर लावला आणि पाठ फिरवून निघून गेली. मला वाटलं, बिचारीला रडू आलं.

मेच्या मध्यापर्यंत सभासदांनी आपापल्या पट्ट्यांतला गाळ उचलला. बहुतेक सगळीकडे तीन-साडेतीन फुटांवर पिवळा मुरूम लागला आणि मी स्वतःवर खूश झालो. मग एका सकाळी कडूबाई तिचा भाऊ सिदू याला घेऊन तलावात उतरली. सिदूने दोन मेंढे विकून डिझेलचे डबे आणले होते. भिंतीपासून शंभरेक पावलं आत, जिथे सभासदांनी वरचा थर केव्हाच खरवडून नेला होता, तिथे उभं राहून तिने टाच आपटली.

“हितं,” ती जेसीबीवाल्या उत्तरेश्वरला म्हणाली.

उत्तरेश्वरने बकेट खाली घातलं. मी सावलीला बसून होतो, दगडाचा आवाज कधी येतो त्याची वाट बघत. आवाज आला नाही. बकेट भरून वर आलं, पुन्हा खाली गेलं, पुन्हा भरून आलं. काळी, लोण्यासारखी माती! मी उठून उभा राहिलो. पाच फूट झाले. सात झाले. उत्तरेश्वर माझ्याकडे बघून ओरडला, “गुरुजी, ह्येला तळ हाय का न्हाई?” दहा फुटांवर मशीन उतरायला त्याने कडेने उतार काढला आणि पुन्हा खोदू लागला. तोवर गाव पळत आलं होतं. बारा फूट! प्रत्येक बकेटला लोक ओरडत होते, जणू कुस्तीचा फड चालला होता.

माझ्याने राहवलं नाही. सहासष्टाव्या वर्षी मी त्या उतारावरून घसरत, धोतर सावरत खड्ड्यात उतरलो. आणि समोर बघतो तर काय! खणलेल्या कडेवर थर होते! एकावर एक, रेघ आखून ठेवावी तसे. बारीक रेतीची एक रेघ, वर चिकणमाती, पुन्हा रेती, पुन्हा माती. एकेका पावसाळ्याचा एकेक थर. पुराच्या सालचा जाड, दुष्काळातला दोऱ्याएवढा. वरचे थर बोट-दोन बोटं जाडीचे, पण खाली जावं तसे ते वीतभर, हातभर होत गेलेले. तळाजवळची माती तर वरच्या ओझ्याने इतकी दबलेली की नख रुतत नव्हतं. खोल जागा आधी भरते, आणि ती भरून बाकीच्या तळाच्या बरोबरीला आली की मगच सगळीकडे सारखं साचायला लागतं! एकतीस वर्षं मी जे बडबडलो ते सगळं खरं होतं! मला इतका आनंद झाला की मी एकटाच मोठमोठ्याने हसत सुटलो. उत्तरेश्वरला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं.

“कडूबाई,” मी खालूनच ओरडलो, “हे काय आहे?”

“डोह हाय, गुरुजी.” ती काठावर उकिडवी बसली होती. “ओढ्याचा डोह. मेंढरं कातरायच्या आदी आमी हितं धुयाचो. मी पोर व्हते तवा. हत्ती बुडंल येवढं पाणी.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलं?”

“तुमी इचारलंच न्हाई. तुमी ल्हेत व्हता.”

आता मला त्या दिवशीचा पदर आठवला. रडली नव्हती, बाई हसत होती! आणि आमची चूक किती आमच्याच जातकुळीची होती बघा. गाडीवाटेजवळ ओढा उथळ, म्हणून आमच्या लेखी सगळा ओढा उथळ. दोनशे पावलांवरच्या डोहाकडे आम्ही गाववाल्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. तिथे मेंढरं धुतात, वास येतो, म्हणून आमच्या बायका तिथून पाणीही भरत नसत. बाहत्तर साली याच कडूबाईने दुष्काळी कामावर त्या भिंतीवर मातीच्या पाट्या टाकल्या होत्या. पाण्याखाली काय बुडणार ते तिला ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं.

मग ती खाली आली. कडेवर एका जागी तिने हात ठेवला. इतर थर काळे, करडे. हा मात्र तांबडा होता, चांगला दोन फूट जाड.

“ही माझी,” ती म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. “तांबडी माती वर फकस्त आमच्याच रानात व्हती. दुष्काळात डोंगरावर झाड न्हाई राहिलं, गवत न्हाई राहिलं. मंग पाऊस आला त्यो असा आला की दोन-तीन सालांत समदी गेली. मालक तवा बांधावर बसून रडले व्हते.”

एवढी वर्षं भूगोल शिकवून ‘धूप’ हा शब्द मी पोरांना दोन गुणांसाठी पाठ करायला लावला होता.

दुपारी मोहनराव आले. खड्ड्यात डोकावले आणि त्यांचा चेहरा पडला. मला बाजूला घेऊन म्हणाले, “गुरुजी, ठरावात लिहिताना चूक झाली असं करा. येवढा गाळ त्या बाईला कसा द्यायचा? तळं संस्थेचं हाय.”

“चूक माझी झाली, ती गाळाच्या जाडीत,” मी म्हणालो. “शब्द तुमचे आहेत. ‘कुटं बी’, ‘समदं तुझं’. खाली तुमची सही आहे.”

“चेष्टेत बोललो व्हतो मी!”

“चेष्टाही ठरावात बसते, मोहनराव. सह्या झाल्या की बसते.”

ते चिडले. मी त्यांच्याहून जास्त चिडलो. माझा राग पंचक्रोशीत ठाऊक आहे. ते म्हणाले, सभा बोलावतो आणि ठराव फिरवतो. मी म्हणालो, जरूर बोलवा, पण आपल्या पोटनियमाप्रमाणे विशेष सभेला पूर्ण सात दिवसांची नोटीस लागते. आणि तिथेच, त्यांच्या देखत, मांडीवर वही ठेवून मी नोटीस लिहिली. विषय, ठिकाण, वार, वेळ. सचिवाचं काम मी चोख करतो. सही करून त्यांच्या हातात दिली आणि वळून ओरडलो, “कडूबाई! सात दिवस आहेत!”

सात दिवस! चौदा फूट खोल, साठ फूट लांब, चाळीस फूट रुंद डोह. चारशेच्या वर ट्रॉल्या. आणि हाताशी ट्रॅक्टर एकच, माझा. सभासदांनी आपले ट्रॅक्टर घरी लावून वरून ताडपत्र्या घातल्या, जणू ते पावसात भिजणार होते. मी पहाटे पाचला स्टेअरिंगवर बसायचो ते दिवस मावळेपर्यंत. वस्तीवरची सगळी माणसं लोटली. घोडी, गाढवं, खताची रिकामी पोती, पाट्या. ज्या घोड्यांवर मेंढपाळांचे संसार फिरायचे, त्यांच्या पाठीवर आता माती चालली होती. मला असा चेव चढला होता की जेवणाची शुद्ध नव्हती.

पण कडूबाई काय करत होती? अर्धी माणसं घेऊन रानाच्या खालच्या अंगाला दगड रचत होती! पहिल्याच दुपारी मी ते बघितलं आणि माझा पारा चढला.

“अहो, बांध काय घालत बसलात? माती उचला आधी! सभेत ठराव फिरला तर हा बांध काय चाटायचाय?”

“वरडू नका, गुरुजी,” ती दगड बसवत म्हणाली. “येकदा गेलीय माझी माती. दुसऱ्यांदा जाऊ द्याची न्हाई. थोडी आली तरी चालंल, पर आली ती ऱ्हायला पायजे.”

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मोजलं तर सत्तर ट्रॉल्या झाल्या होत्या. असल्या चालीने दोन एकरांचा अर्धा हिस्साही भरला नसता. त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझा धीर सुटला. मी सिदूला म्हणालो, “हरतोय आपण.” तो घोड्याची पाठ चोळत होता. म्हणाला, “मशीन चालू हाय ना? मग बगू.”

चौथ्या दिवशी सकाळी उत्तरेश्वरने हाक मारली. डोहाच्या एका कोपऱ्यात खडक लागला होता. काळा दगड, आणि त्याला पोटरीएवढ्या रुंद भेगा, मातीने गच्च बुजलेल्या. कडूबाई म्हणाली, “उनाळ्यात बी ह्या भेगांपाशी पाय गार पडायचा. पाणी हितनं खाली जायाचं.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी तसाच चिखलाच्या पायांनी राधाकिशनच्या दारात जाऊन उभा राहिलो. राधाकिशन आमचा सभासद. सभेत मोहनरावांच्या बाजूने सगळ्यात मोठा हात त्याचाच असायचा. त्याची विहीर भिंतीच्या खाली, नेमकी डोहाच्या रोखाने.

“राधाकिशन, तुझी विहीर बारमाही होती ना? कधी आटायला लागली?”

“वडील सांगायचे, तळं झाल्यावर सात-आठ सालांनी. तळं भरलेलं असताना बी आटायची. कावून, ते आजवर कळलं न्हाई.”

“चल, कळवतो.”

त्याला मी खड्ड्यात नेऊन भेगा दाखवल्या. चिकणमाती म्हणजे काय, ते शाळेतल्यासारखं समजावलं. पाण्याच्या वाटेवर चाळीस वर्षं चौदा फुटांचं बूच बसलंय, अख्खा डोह तळापर्यंत साफ झाला तर पाणी भरल्यावर ते या भेगांतून कुठे जाईल, ते हात करून दाखवलं. त्याने खडकाकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग भिंतीपलीकडच्या आपल्या रानाकडे. डोळे हळूहळू मोठे झाले.

“आन् सभेत ठराव फिरला तर?”

“तर काम थांबेल. मग भांडण बीडच्या कोर्टात जाईल. पाऊस येईल. डोह पुन्हा गाळाने भरेल.”

“उचला की मंग!” तो एकदम ओरडला. “बगत काय बसलाय बे सिदू!”

अर्ध्या तासात त्याचा ट्रॅक्टर आला. स्वार्थ म्हणाल तर स्वार्थ, मला त्याचं काही वाटत नाही. विहिरीची बातमी दुपारपर्यंत गावभर झाली आणि ताडपत्र्या भराभर निघाल्या. पाचव्या दिवशी सहा ट्रॅक्टर होते. तलाव ते कडूबाईचं रान, खेपांची रांग तुटत नव्हती. धुळीने सूर्य दिसेना. कोण ओरडतंय, कोण गातंय, कोण कुणाच्या ट्रॉलीत फावडं विसरलंय, नुसता गलका! मला इतकं बरं वाटत होतं की मी राधाकिशनला चार वेळा शिव्या दिल्या आणि त्याने हसत ऐकून घेतल्या.

सात दिवस पूर्ण झाले. सभेचा दिवस उजाडला, अकराची वेळ. भिंतीजवळच्या बाभळीखाली मोहनराव सतरंजी टाकून बसले. मी वही घेऊन समोर बसलो. साडेअकरा झाले. सभासद एकही नाही. सगळे ट्रॅक्टरवर होते. समोरून एकेक जण जाताना हात करत होता, आणि प्रत्येक वेळी मोहनरावांवर धुळीचा लोट येत होता.

“लिहा,” ते शेवटी म्हणाले. मी लिहिलं, गणपूर्तीअभावी सभा रद्द. त्यांनी वाचलं आणि सही केली. मग त्यांनी स्वतःच सतरंजीची घडी घातली.

शेवटची ट्रॉली दुपारी तीनला रिकामी झाली. मी वर गेलो. पिवळ्या मुरमाचं ते बोडकं रान आता या बांधापासून त्या बांधापर्यंत काळं-तांबडं झालं होतं. कडूबाई मधोमध उकिडवी बसली होती. मला बघताच तिने माझं मनगट धरलं, खाली बसवलं आणि माझा हात मातीत खुपसला.

“लागतो का मुरूम? बगा.”

हात मनगटाच्या वर गेला. आत मऊ, गार माती होती.

“नाही लागत,” मी म्हणालो.

“नीट बगा की.” तिने चार पावलं पुढे नेलं, पुन्हा हात घालायला लावला. तिथेही नाही लागला. मग आणखी एका जागी. मग खालच्या बांधापाशी. दहा-बारा ठिकाणी तिने मला हात घालायला लावला, आणि दर वेळी मी “नाही लागत, कडूबाई,” म्हटलं की तिचा चेहरा पुन्हा नव्याने फुलायचा. शेवटी ती हसायला लागली. पदर न लावता, मोठ्याने, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. माझेही डोळे भरून आले. दोघेही म्हातारे, कोपरापर्यंत मातीने बरबटलेले, तिथे बसून रडत होतो आणि हसत होतो.

“यंदा घरी हाय मी, गुरुजी,” ती म्हणाली. “दिवाळीनंतर बी घरीच. पौषात हुरड्याला या. आन् चेअरमन सायबाला बी घेऊन या.”

“मोहनरावांना?” मला पुन्हा राग आला. “त्यांना कशाला?”

तिने हाताची माती रानातच झटकली, एक कणही बाहेर पडू न देता.

“आसं कसं! त्यांनीच दिलीय की मला.”